लेकीची झुलपं

सलूनवाल्याच्या हाताखालून अख्खी गल्ली गेली होती. रडकी पोरं, हट्टी म्हातारे, बोहल्यावर चढायला निघालेले नवरदेव. पण पोटच्या पोरीच्या केसांना त्याला हात लावता येत नव्हता. कात्रीची करकर ऐकली की तीन वर्षांची छकुली आकांत मांडायची, भिंतीवर डोकं आपटायची. स्वमग्नता आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थेरपी लवकर सुरू केलीत ते बरं झालं, असंही ते म्हणाले होते. झुलपं मात्र तिच्या डोळ्यांवर येत होती.

थेरपीच्या ताईंनी बोथट कात्री नुसती टेबलावर ठेवायला सांगितली. "ती बघेल, हात लावेल. घाई नको. आणि तिने तळहात पुढे केला की थांबायचं. बोलता येत नाही तिला अजून, पण 'थांब' म्हणायला शिकवतोय आपण."

"अहो ताई, या चालीने तिचे केस पायांत येतील!"

एका दुपारी, बायको बाहेर गेलेली असताना, त्याचा धीर सुटला. त्याने लेकीला मांडीत आवळून धरलं आणि कात्री चालवली. पोरीने तळहात पुढे केला, पुन्हा केला, मग किंचाळायलाच लागली. बघता बघता काम झालं. झुलपं अगदी सरळ रेषेत कापली गेली. त्या दिवसापासून तो खोलीत आला की ती पलंगाखाली शिरू लागली.

ताईंना सांगताना त्याची मान वर होईना. त्या रागावल्या नाहीत. "हात पुढे करून काही होत नाही, एवढं ती तुमच्याकडून शिकली. आता ते पुसून काढायचं."

मग दुकानातून आला की तो पलंगाजवळ जमिनीवर बसू लागला. पोरगी डोकावली की लाकडी ठोकळा पुढे सरकवायचा. तळहात दिसला की मुकाट हात मागे घ्यायचा.

"गिऱ्हाइकांना दटावता, आणि इथे बघा कसे गरीब गाय!" बायको चिडवायची.

केस पुन्हा वाढले. कात्री पुन्हा टेबलावर आली. छकुलीने ती वाजवून पाहिली, एकदा बापाच्या मिशीलाही लावली. आणि एका सकाळी आपणहून त्याच्यासमोर येऊन बसली. त्याने एक बट कापली, मग दुसरी. तळहात वर आला. त्याने कात्री खाली ठेवली. ती बराच वेळ त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली, आणि मग त्याच्या मांडीत शिरून पाठ टेकून बसली.

"अरे, स्वतःच्या पोरीचे केस असे अर्धवट?" दुपारी आईबरोबर दुकानात आलेल्या छकुलीकडे बघून शेजारचा शिंपी हसला.

"तिचं आज एवढंच," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर टॉवेल टाकला.