प्रार्थनेला बसलेली ढोलकी

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे. नगरच्या एका कारागिराने शिसवी खोड पोखरून माझं अंग घडवलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं आणि दोरीत पितळी कड्या अडकवून मला ताणलं. माझा आवाज कसा खणखणीत! उगाच बढाई मारत नाही, पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा.

मला विकत घेतलं प्रेमलताच्या वडिलांनी. ते खेडोपाडी ख्रिस्ताची कीर्तनं करायचे आणि लहानगी प्रेमलता मला मांडीशी धरून साथ करायची. पोरगी अशी, की हसली तर सगळं घर हसायचं. प्रार्थनेतसुद्धा ती देवाशी कडाकडा भांडायची आणि मग त्याचीच मनधरणी करायची. पुढे लग्न होऊन ती शरच्चंद्रांबरोबर कलकत्त्याला, खिदिरपूरला आली. ते गोदीत नोकरीला होते. एकोणसत्तर साल होतं ते. तिच्या ट्रंकेबरोबर मीही आले.

तिथे मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच. दर रविवारी संध्याकाळी ही सगळी माणसं दिगंबरभाऊंकडे उपासनेला जमायची. दिगंबरभाऊ वयाने मोठे, कडक इस्त्रीतले, पण भले गृहस्थ. पहिल्याच रविवारी प्रेमलताने माझ्यावर थाप मारली मात्र, त्यांचा चेहरा पडला.

"अहो वहिनी, ही तमाशातली ढोलकी देवापुढे? शेजारी सगळे बंगाली लोक. काय म्हणतील? ख्रिस्ती बाईनं कसं शांत, सौम्य असावं."

प्रेमलता ओशाळली. त्या दिवसापासून मी कपाटावर गेले आणि ती चांगली ख्रिस्ती बाई व्हायला लागली. म्हणजे काय, तर हळू बोलायची, तोंडाला पदर लावून हसायची, गाताना नुसते ओठ हलवायची. मला फार वाईट वाटायचं हो. कलकत्त्याच्या दमट हवेने माझं कातडं सैल पडलं, उंदरांनी दोरी कुरतडली. अशी दोन वर्षं गेली.

एकदा ती शरच्चंद्रांना म्हणाली, "अहो, मला हल्ली प्रार्थनाच येत नाही. डोळे मिटते, पण बोलतेय ती मी नव्हेच असं वाटतं. देव तरी मला कसा ओळखणार?"

शरच्चंद्रांनी वर कपाटावर, माझ्याकडे पाहिलं.

त्या नाताळला सगळे दिगंबरभाऊंच्या अंगणात जमले होते. इतक्यात गल्लीतून गलका ऐकू आला. शेजारच्या चर्चमधले बंगाली ख्रिस्ती लोक येशूजन्माचं कीर्तन करत घरोघर फिरत होते. पुढे खुद्द त्यांचे धर्मगुरू, पाळक बिश्वासबाबू, गळ्यात खोल अडकवून! खोल म्हणजे त्यांच्याकडचा मातीचा मृदंग. बाया टाळ्या वाजवत होत्या, म्हातारे नाचत होते. ज्यांना काय वाटेल म्हणून मला कपाटावर टाकलं, तेच हे शेजारी!

प्रेमलता ताडकन उठली. "अहो, माझी ढोलकी आणा."

शरच्चंद्र धावत घरी जाऊन मला घेऊन आले. तिने मला शेगडीवर शेकलं, दोरीला गाठ मारून कड्या ओढल्या.

"वहिनी..." दिगंबरभाऊंनी सुरुवात केली.

"भाऊ, रागवा हवं तर. पण देवानं मला मोठ्या आवाजाची केलीय. दुसऱ्या कुणाचा आवाज उसना आणून त्याच्यापुढे किती दिवस उभी राहू?"

आणि तिने थाप मारली. काय सांगू मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला! बिश्वासबाबू हसून ओरडले, "बाजान दीदी, बाजान!" म्हणजे वाजवा ताई, वाजवा! खोल आणि मी, दोघं मिळून मनसोक्त वाजलो.

गाणं संपल्यावर प्रेमलताने सर्वांसमोर प्रार्थना केली. आधी तिने देवाला दरडावूनच विचारलं, "इतके दिवस कुठे होतास रे?" मग रडता रडता हसली आणि म्हणाली, "नाही, तू होतास. मीच नव्हते."

दिगंबरभाऊ मान खाली घालून उभे होते. 'आमेन' मात्र सगळ्यांत आधी त्यांनीच म्हटलं.

मित्रांनो, वाद्य ठेवून दिलं की बिघडतं. त्याला ऊन दाखवा, पुसा, वाजवा. आणि घरात कुणी मोठ्याने हसलं, गायलं, तर 'हळू' म्हणण्याआधी जरा थांबा. कातडं बदललं की मी पुन्हा बोलते. गप्प केलेलं माणूस पुन्हा बोलेलच, याचा काही भरवसा नाही.