सुधारानीच्या संवादांची वही

मित्रांनो, मी एक जुनी दोनशे पानी वही आहे, आणि सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही.

कमलनगरच्या शाळेत शिकवणाऱ्या सुधारानीने मला सिनेमाचे संवाद लिहायला घेतले. घरात मराठी, शिक्षण मात्र कानडीत. म्हणून ती मराठी वाक्ये कानडी अक्षरांत लिहायची. पहिल्या पानावर तिने 'श्री बसवेश्वर प्रसन्न' लिहिले, स्वतःचे नाव नाही. आमच्याकडची रीतच ती. पण पडद्यावर एकदा तरी आपले नाव यावे, ही तिची हौस मला ठाऊक होती.

गोष्ट सासर सोडून आलेल्या थोरल्या बहिणीची, अक्काची. एक ओळ लिहायची, तीन खोडायची. माझी पाने फाटत, पण त्याचाच मला अभिमान वाटे.

मग उदगीरला शिकलेला दिग्दर्शक सुनीलकुमार आला. माझ्या पानांचे फोटो काढून त्याने ते कृत्रिम बुद्धिमत्तेला दिले. त्या यंत्राने घटकाभरात गुळगुळीत पटकथा काढून दिली, माझ्यात नव्हता तो शेवटही जोडला. चित्रपट झाला. कलबुर्गीच्या स्पर्धेच्या अर्जावर लेखक म्हणून त्याने स्वतःचे नाव घातले. परीक्षकांनी कच्चे लिखाण मागवले, तेव्हा महाशय मला न्यायला आले. सुधारानीने मला दिले, पण मागोमाग तीही बसमध्ये चढली.

परीक्षक शारदाबाईंनी मला उघडून एक खोडलेली ओळ त्याला वाचायला सांगितली. त्याला कानडी अक्षरे येत नव्हती. सुधारानीने ती ओळ न अडखळता वाचली. शारदाबाई अर्जावर तिचे नाव घालू लागल्या. मी हरखून गेले!

पण तिनेच त्यांचा हात थांबवला. "शेवट माझा न्हाई, बाई. ह्याच्यात अक्का मरती. मी तिला मारलं न्हाई. तसल्या शेवटावर माझं नाव नको."

"मग तुमचा शेवट कुठं आहे?"

"लिहायले अजून."

मित्रांनो, यंत्राला जरूर विचारा. पण दुसऱ्याच्या खाडाखोडीवर आपले नाव घालू नका. सुनीलकुमार शेवट पुन्हा चित्रित करील का, मला माहीत नाही. परतीची बस हुमनाबादच्या पुढे आली आहे. मी सुधारानीच्या मांडीवर उघडी आहे. तिने आताच दोन ओळी लिहिल्या आणि दोन्ही खोडल्या.