अर्ध्या किलोमीटरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि तुमच्याकडे बघायची मला लाज वाटते. तोंड लपवावं म्हटलं तर तीही सोय नाही. दोन लोखंडी पाय सिमेंटात पुरलेले, त्यामुळे वळता येत नाही, वाकता येत नाही. येणारा-जाणारा माझ्या तोंडावरचं वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. दुसऱ्या कुणाकडून माझं ऐकण्यापेक्षा मीच तुम्हाला सगळं सांगते.

माझा जन्म जिंतूरचा. तिथल्या एका वेल्डिंगच्या दुकानात मला कापलं, घासलं, पाय जोडले. मग माऊली पेंटरने माझ्यावर पांढरा रंग चढवला. त्या वेळी माऊली तरुण होता आणि फार चिकित्सक होता. ‘चारठाणा, प्राचीन मंदिरे’ असं लिहून अंतर टाकायचं होतं. गावातल्या लोकांनी अंदाजे आकडा सांगितला, तर हा बाबा सायकल काढून फाट्यापासून थेट मंदिराच्या पायरीपर्यंत जाऊन आला आणि मगच त्याने ब्रश रंगात बुडवला. “पाव्हणा पायरीपर्यंत जातो, त्याला पायरीपर्यंतचंच सांगावं,” असं म्हणाला. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

चारठाण्याच्या फाट्यावर मी कितीतरी वर्षं उभी होते. काय मान होता म्हणून सांगू! एसटी थांबली की कंडक्टर माझ्याकडे बोट दाखवायचा. सहलीची पोरं माझ्या पायाशी डबे सोडायची. कुणी वाट चुकलं तर चहावाला म्हणायचा, “त्या पाटीला इचारा की, ती काय खोटं बोलती व्हय?” मी फुगून जायचे. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात गंज चढायचा, पण माझी तक्रार नव्हती.

मग रस्ता रुंद झाला. मशीनने मला एका झटक्यात उपटलं आणि खड्ड्यात टाकलं. नवी हिरवी पाटी लागली, चकाकणारी. माझ्यावर बाभळी उगवल्या. पुढे भंगारवाल्याने उचललं आणि त्याच्याकडून महारुद्रने मला ट्रॅक्टरवर टाकून आणलं. महारुद्र हा डोंगराच्या पायथ्याचा शेतकरी. दोन वर्षं त्याने मला शेळीच्या खोपीला दार म्हणून लावलं. शेळी मला शिंगं घासायची. पण खरं सांगू का मित्रांनो, ते दिवस बरे होते. शेळीला मी काही सांगत नव्हते, त्यामुळे तिला फसवतही नव्हते.

महारुद्रच्या वावराला लागून डोंगर आहे आणि तो डोंगर म्हणजे अभयारण्य. काळवीट, नीलगाय, लांडगे, कधीमधी बिबट्या. लोक सफारीला यायला लागले तसं महारुद्रच्याही मनाने घेतलं. वावरात चार खोल्या बांधल्या, पुढे ओटा काढला, ‘शिवार मुक्काम’ असं नाव दिलं. शेळीच्या खोपीतून मला बाहेर काढलं, ओट्यापुढे सिमेंटात पुरलं आणि माऊलीला बोलावणं धाडलं.

माऊली आता म्हातारा झालेला. त्याने मला ओळखलंसुद्धा नाही. महारुद्रने सांगितलं ते त्याने लिहिलं: ‘शिवार मुक्काम. अभयारण्य फक्त अर्धा कि.मी.’ या वेळी कुणी सायकल काढली नाही.

आता तुम्ही म्हणाल, महारुद्र लबाड. तसं नाही हो. त्याच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, तिथून चालत गेलं की अर्ध्या किलोमीटरवर जंगलाची तार लागते. आमच्या भागात गावाची शीव लागली की गाव आलं म्हणतात. पाहुण्याला शिवेवर गाठला की दारात गाठल्यासारखं. महारुद्रच्या मनात तेच होतं. पण सफारीवाले लोक शिवेतून आत जात नाहीत, गेटातून जातात. आणि गेट होतं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. सगळ्या डोंगराला वळसा घालून जायचं, वाटेत घाट, खडी पडलेला रस्ता. गाडीला घंटाभर लागतो. माझ्यावर लिहिलेलं खरंही होतं आणि कुणाच्याही कामाचं नव्हतं.

येणारे बरेच जण नुसते मुक्कामाला यायचे. पिठलं-भाकरी खायचे, तारेपलीकडचे मोर बघायचे आणि जायचे. ज्यांची सफारी हुकली त्यांनी शिव्या दिल्या. मी म्हणायचे, जाऊ दे, पुढच्या खेपेला बघतील. इतकी मी निर्ढावले होते. मग सरजाबाई आली.

जूनचा शेवटचा दिवस जवळ आला होता. त्यानंतर पावसाळ्यासाठी जंगल बंद होतं ते थेट दसऱ्याच्या सुमारास उघडतं. त्या संध्याकाळी मानवतहून एक गाडी आली. सुगत गाडी चालवत होता, परभणीला कुठल्या तरी कार्यालयात नोकरीला. शेजारी त्याची आई सरजाबाई. तिला उतरवायलाच किती वेळ लागला! गुडघे आखडलेले, एक हात लेकाच्या खांद्यावर.

“आई, पाटी बघ,” सुगत म्हणाला. “दुसरं एक लॉज दोन किलोमीटर दाखवायलं होतं. मी म्हणलं कशाला? तुला गाडीत बसवत न्हाई. हे बरं, अर्ध्यावरच हाय.”

मोबाईलच्या नकाशातही जंगलाचा हिरवा रंग महारुद्रच्या खोल्यांना खेटून दिसत होता. आईचे पाय दुखू नयेत म्हणून पोराने हुडकून हुडकून जवळचं लॉज घेतलं होतं. त्याला काय ठाऊक, दोन किलोमीटरवालं लॉज गेटापासूनचं अंतर सांगत होतं आणि मी तारेपासूनचं.

सरजाबाई ओट्यावर बसली आणि महारुद्रच्या बायकोशी, शिवकन्येशी बोलत राहिली. ओटा माझ्या अगदी मागे. सगळं ऐकू आलं.

“मावशी, वाघ बघायला आलाव व्हय? हितं वाघ न्हाई बरं का.”

“वाघ घेऊन काय करू बाई? मी झाडं बघायला आले.” सरजाबाई डोंगराकडे बघत होती. “बहात्तरच्या दुष्काळात मी अन् माझी थोरली बहीण ह्या डोंगरावर कामाला होतो. चर खोदले. सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले. पुढच्या पावसाळ्यात रोपं लावली. नंतर उन्हाळ्यात डोईवर घागरी घेऊन त्यांला पाणी घालायचो. माझ्या बहिणीचा लय जीव त्या रोपांवर. तिथंच तिला ताप भरला. आठ दिवसात गेली.”

शिवकन्येने चहाचा कप पुढे सरकवला.

“तिचा फोटू न्हाई माझ्याजवळ,” सरजाबाई म्हणाली. “त्या काळात कोण काढतंय फोटू? तिच्या हातची झाडं तेवढी हायत. मग जंगलाला कुंपण पडलं, माणसाला आत जायची बंदी झाली. आता म्हणे तिकीट काढून जाता येतंय. सुगतच्या मागं लागले, म्हणलं एकदा ने. पुढच्या साली मी हाय का न्हाई.”

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! मी ओरडले असते, बाई, ऊठ, आत्ता गाडीत बस, गेट पलीकडं आहे. पण पाटीला एकच वाक्य बोलता येतं आणि माझं वाक्य चुकीचं होतं.

महारुद्र वावरातून आला तेव्हा सुगत म्हणाला, “सकाळची सफारी हाय आमची.” महारुद्र म्हणाला, “जावा की, लय मोर दिसतेत सकाळी.” दोघांनाही वाटलं आपलं ठरलं. कुणी कुणाला ‘गेट कुठं’ असं विचारलंच नाही.

सकाळी उजाडण्याआधीच सरजाबाई तयार. ठेवणीतलं पांढरं पातळ नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. सुगत म्हणत होता, “आई, निवांत चहा घे. अर्ध्या किलोमीटरला काय लागतंय?” चहा झाला, आईला गाडीत बसवलं आणि मग त्याने महारुद्रला हाक मारली, “भाऊ, गेट कोणत्या बाजूला?”

महारुद्रने डोंगराकडे हात केला. “गेट? गेट व्हय… ते तर पलीकडच्या अंगाला. घंटाभर लागतो.”

सुगतचा चेहरा मी विसरणार नाही. त्याने गाडी अशी काढली की धुळीने मी पांढरी झाले.

ऊन वर आलं तेव्हा गाडी परत आली. खोलीत सामान होतं म्हणून यावंच लागलं. गेट वेळेवर बंद झालं होतं. सफारीच्या जिप्सी आत गेल्या होत्या, आत सोडायला कुणी तयार नव्हतं, दुपारच्या फेरीच्या जागा भरलेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवसापासून जंगल बंद. सुगत उतरला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हाताच्या तळव्याने त्याने मला असा फटका मारला की माझा सगळा पत्रा थरथरला.

“हिनंच घात केला, आई! हिनंच!”

“काय लिवलंय तिच्यावर?” सरजाबाईने गाडीतूनच विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“अभयारण्य फक्त अर्धा किलोमीटर.”

तिने वावराकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. “मंग हाय की अर्धाच. ती काय वंगाळ बोलली? तिला कशाला मारायलास, बाबा?”

शिव्या खाल्ल्या असत्या तर पचल्या असत्या. पण जिचं माझ्यामुळे नुकसान झालं तीच माझी बाजू घ्यायला लागली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुगत माझ्या पायाला धरून रडला. एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता. “मीच चुकलो, आई. जवळचं बघत बसलो.”

महारुद्र जवळ आला. “भाऊ, आमच्यात तसंच सांगतेत. शीव लागली म्हंजे गाव आलं.”

“शिवंवर तिकीट मिळतंय का?” सुगत म्हणाला.

शिवकन्या सरजाबाईला धरून धुऱ्यापर्यंत घेऊन गेली. म्हातारी तार धरून उभी राहिली. या अंगाला नुसता खडक आणि कुसळी गवत. “आमची रोपं त्या बाजूला,” ती म्हणाली. “डोंगर मधी आलाय.” जाताना शिवकन्येला म्हणाली, “जयभीम, बाई. दसऱ्यानंतर येते बघ.”

महारुद्र म्हणाला, पाटी दुरुस्त करतो. खरंच म्हणाला. पण पेरण्या आल्या, खुरपण आलं, राहून गेलं. जंगल उघडायच्या तोंडावर त्याने माऊलीला फोन केला, “पाटी नवी कर.” काय नवं करायचं ते सांगायचं तो विसरला. माऊली आला आणि जुन्याच अक्षरांवरून ब्रश फिरवून गेला. लाल रंग, वर पिवळी किनार. आता तर माझी अक्षरं लांबूनसुद्धा वाचता येतात. लाजेचंही असं असतं मित्रांनो, जितकी झाकावी म्हणावं तितकी चमकते.

परवा सुगतचा फोन आला. शिवकन्या गवऱ्या थापत होती, तिने खांद्याने मोबाईल कानाशी दाबून धरला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. सरजाबाई घरात पडली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात, आता प्रवास नाही. सुगतने पुढच्या आठवड्याची सफारी काढली होती, गेटाजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली होती. सगळं रद्द केलं. “शिवकन्याबाईला सांग, मला येणं झालं न्हाई,” एवढा निरोप म्हातारीने लेकाकडून दिला होता.

शिवकन्येने मोबाईल ओट्यावर ठेवला. शेणाचा एक मोठा गोळा उचलला, तरातरा माझ्यापुढे आली आणि ‘अर्धा कि.मी.’वर थापला. मग दुसरा, मग तिसरा.

महारुद्र धावत आला. “अगं काय करायलीस? नवा रंग हाय!”

“राहू द्या तुमचा रंग. मला त्या मावशीचं तोंड दिसायलंय.”

शेण पुसायला मात्र महारुद्र पुढे झाला नाही. नेमकी तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. पुढच्या सीटवर एक थकलेले आजोबा, मागे पोरंबाळं. चालवणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, काही वाचता येईना, म्हणून काच खाली केली. “भाऊ, अभयारण्य किती लांब आहे हो?”

महारुद्रने शिवकन्येकडे पाहिलं. ती शेणाचे हात तसेच धरून उभी होती.

“जंगलाची तार हितंच हाय,” तो म्हणाला. “पण गेट पलीकडच्या अंगाला, घंटाभर लागतो. सकाळची सफारी असंल तर आजच तिकडं मुक्काम करा. हितं थांबू नका.”

गाडी वळून गेली. चारही खोल्या रिकाम्या राहिल्या. मला बरं वाटलं, पण आनंद झाला असं म्हणवत नाही. सरजाबाई मानवतला खाटेवर पडून आहे आणि तिच्या बहिणीची झाडं डोंगरापलीकडे आहेत.

मित्रांनो, कुणी तुम्हाला विचारलं की अमुक जागा किती लांब, तर त्याला जिथं जायचं आहे त्या दारापर्यंतचं सांगा. आणि एक काम करा. शेण वाळलं की त्याचे पोपडे निघतात आणि खाली माझी अक्षरं अजून नवीकोरी आहेत. आज ऊन कडक आहे. तुमच्यापैकी कुणी जिंतूरला जाणार असेल तर माऊली पेंटरला निरोप द्या, म्हणावं, लवकर ये आणि येताना गेटावरून अंतर मोजत ये.