कपिला नावाचं कुणी इथे राहत नाही

शनिवारी सकाळी जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावात तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोन गोष्टी एकदम झाल्या. शैलाताईंनी तव्यावर पहिलं थालीपीठ लावलं, आणि भारतातल्या पोलिसांनी कळवलं की त्यांची सून अस्तित्वात नाही.

सुनेला कॅनडात नोकरी मिळाली होती. व्हिसासाठी, आजवर जिथे जिथे राहिलात तिथे कुठलाही गुन्हा केलेला नाही, असा पोलिसांचा दाखला लागत होता. जर्मनीने तो पंधरा दिवसांत पाकिटात घालून पाठवला. भारताने चौकशीला हवालदार पाठवला आणि त्याचा अहवाल आज ईमेलने आला. ‘अर्जदार कपिला कपिल आगाशे नमूद दोन्ही पत्त्यांवर आढळून आली नाही. सदर नावाची व्यक्ती कोणासही माहीत नाही. सबब दाखला देता येत नाही.’

कॅनडाला कागद पोचवायला अठरा दिवस उरले होते.

“काहीतरी घोटाळा आहे,” सासरे विलासराव म्हणाले. सगळ्यांचे फॉर्म त्यांनीच भरले होते. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, विलासराव फॉर्म भरायचे. घरातल्या पाचही जणांचे पासपोर्ट त्यांच्या हिरव्या फायलीत असत आणि ती फाईल त्यांच्या उशाशी.

सुनेने सांगलीला वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

“आला होता की हवालदार,” चारुदत्त ओगले म्हणाले. “कपिला राहते का, म्हणाला. म्हटलं, कपिला नावाचं कुणी इथे राहत नाही.”

“बाबा, ती मी!”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“असं होय. मला वाटलं, कुणाची गाय हरवली.”

दुसरा पत्ता पुण्याचा, सासरचा. तिथे कुलूप, कारण सासू-सासरे तीन महिन्यांसाठी इथे आले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हवालदाराला इमानदारीत सांगितलं होतं, की विलासरावांना सून आहे, पण तिचं नाव काय ते काही ठाऊक नाही.

नऊ वर्षांपूर्वी लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं होतं. नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि सव्वीस वर्षं वापरलेलं ‘स्पृहा’ हे जुनं नाव मांडवातच सोडून मुलीने घरी जायचं. नवं नाव विलासरावांनीच काढलं होतं. मुलगा कपिल, त्याला एक काना जोडला की सून तयार. स्पृहाची मावशी हळूच म्हणाली होती, “अहो, गाईचं नाव आहे ते.” विलासराव म्हणाले होते, “मग पवित्रच की!” स्पृहा मेकॅनिकल इंजिनियर होती, गिअरबॉक्सवर तिने प्रबंध लिहिला होता. ती हसली होती. फोटोग्राफरने सांगितलं होतं, हसा.

आता तिने जेवणाच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले.

“मला एक सांगा. या घरात मला कपिला कोण म्हणतं?”

कपिल तिला ‘अगं’ म्हणायचा. शैलाताई ‘सूनबाई’. विलासराव तिला थेट हाक मारत नसत, हवेत बघून ‘चहा झाला का’ म्हणत. ऑफिसात तिने पहिल्याच दिवशी स्पृहा सांगितलं होतं आणि जर्मनांनी ते जीभ वळवून वळवून शिकून घेतलं होतं.

सात वर्षांच्या अन्वीने थालीपीठातून मान वर काढली. “वेर इस्ट कपिला?”

“बघा,” स्पृहा म्हणाली. “माझी मुलगी विचारतेय, कपिला कोण.”

विलासरावांनी घसा साफ केला. “हे बघ, चूक माझी नाही. फॉर्मवर रकाना होता, याआधीची अन्य नावे. मी लिहिलं, नाहीत. लग्नानंतर जुनं नाव राहतच नाही, तर लिहायचं काय? पण उपाय आहे.” त्यांनी फायलीतून कागद काढला. उपाय त्यांनी ईमेल वाचल्यापासून वीस मिनिटांत टाईप करून छापलाही होता. “प्रतिज्ञापत्र. कर सही.”

स्पृहाने मोठ्याने वाचलं. “‘स्पृहा चारुदत्त ओगले या नावाचा मी विवाहसमयी कायमचा त्याग केला असून सदर व्यक्ती आता अस्तित्वात नाही.’”

“अगं, फॉर्मॅलिटी आहे ही,” कपिल म्हणाला. “सही कर ना. अठरा दिवस राहिलेत.”

“कपिल, डिग्री कुणाची आहे?”

“तुझीच.”

“कागदावर कुणाची?”

“स्पृहाची.”

“कॅनडावाल्यांनी मुलाखत कुणाची घेतली?”

“हो, हो, कळलं.”

“नाही कळलं. कपिलाकडे जर्मन पोलिसांचा दाखला आहे. कोरा, स्वच्छ. असणारच, तिने आयुष्यात काही केलेलंच नाही. शिकली नाही, कमावलं नाही, बाळंतपणाच्या कळासुद्धा सोसल्या नाहीत. सगळं स्पृहाने केलं. आणि मी लिहून देऊ, की स्पृहा मेली?”

“मेली कुठे लिहिलंय?” विलासराव म्हणाले. “अस्तित्वात नाही, एवढंच लिहिलंय.”

स्पृहाने कागदाची घडी घातली. मग ती घडी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. टेबल नऊ महिन्यांत पहिल्यांदा स्थिर झालं.

तिने सासऱ्यांपुढे हात केला. “बाबा, माझा पासपोर्ट द्या. नाव परत स्पृहा करून घेणार. आधी पासपोर्ट, मग दाखला, मग व्हिसा.”

“अठरा दिवसांत?”

“नाही होणार. कंपनीला आत्ताच लिहिते, कागद उशिरा येतील आणि माझ्या नावाने येतील. नोकरी गेली तर स्पृहाची जाईल. मिळाली तर स्पृहालाच मिळेल.”

विलासरावांनी फायलीवर हात ठेवला. “आपल्याकडची रीत आहे ही. तुझ्या सासूने कधी तक्रार केली? विचार तिला.”

शैलाताईंनी गॅस बंद केला. हात पुसत त्या टेबलाशी आल्या.

“अहो, आपल्यासाठी कॅनडाच्या टुरिस्ट व्हिसाचे फॉर्म भरलेत ना? माझ्या फॉर्मवर त्या रकान्यात काय लिहिलंत? अन्य नावे.”

“नाहीत, म्हणून लिहिलं.”

“खोडा.”

“मग काय लिहू?”

“आठवा.”

विलासरावांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोची रक्तदाबाची गोळी, तिचा आधार क्रमांक आणि चष्म्याचा नंबर पाठ झाला होता.

“सुधा?” त्यांनी चाचरत विचारलं.

“ती माझी बहीण.”

कपिल खिडकीबाहेर बघू लागला. त्यालाही माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“विलासशी जुळावं म्हणून मी शैला झाले,” शैलाताई म्हणाल्या. “सूनबाईचं नाव बदललंत तेव्हा मी गप्प बसले, कारण मला वाटलं, असंच असतं.” त्यांनी फॉर्म नवऱ्यापुढून ओढून नातीपुढे ठेवला. “अन्वी, तू लिही गं बाळा. इथे. ऊर्मिला.”

अन्वीने शाळेच्या शाईपेनाने, जीभ बाहेर काढून, ‘नाहीत’वर रेघ मारली आणि एकेक अक्षर लिहिलं. शैलाताई त्या रकान्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विलासरावांच्या हाताखालून हिरवी फाईल काढून घेतली, आतले दोन पासपोर्ट शोधले, एक आपल्याकडे ठेवला आणि दुसरा सुनेच्या हातात दिला.

“घे, स्पृहा.”

विलासराव एकदम सावध झाले. “अगं पण डिसेंबरात आपल्या धाकट्या हृषिकेशचं लग्न आहे! देवश्रीसाठी मी नाव काढून ठेवलंय!”

“धाकट्या सुनेला नाव आहे,” शैलाताई म्हणाल्या. “तिच्या आईबापांनी ठेवलेलं. मांडवात तांदळाचं ताट कुणी पुढे आणलं ना, तर ते मी स्वतः उचलून आचाऱ्याला नेऊन देईन. भात लावायला.”

आणि त्या उरलेली थालीपीठं लावायला आत गेल्या.

थोड्या वेळाने विलासरावांना चहा हवासा वाटला. सवयीने त्यांनी हवेत पाहिलं, तोंड उघडलं, आणि हाक नेमकी कुणाला मारायची ते न सुचून तसेच बसून राहिले.