कडक पिशवी

त्याची मान ताठ झाली तसं तिने चटकन भांडं पुढे धरलं. पुन्हा हिरवं पाणी. पोटात अन्नाचा कण नाही, तरी उलट्या थांबेनात आणि पोट नगाऱ्यासारखं टम्म.

“किडन्या गेल्यापासून घरी पोटात पाणी भरून डायलिसिस करताय ना, त्यानेच पोटाचं अस्तर जाड झालंय,” डॉक्टर म्हणाले. “आतडी त्यात आवळली गेलीत. इतकी वर्षं झाल्यावर होतं कधी कधी. पण जास्त साखरेची पिशवी रोज लावत होतात का?”

कडक पिशवी. ती अंगातलं पाणी जास्त ओढते, म्हणून ती लावली की या पठ्ठ्याला मनसोक्त चहा ढोसायला मोकळीक. सूज आली तरच लावा, असं तिला बजावलेलं होतं. पण साधी पिशवी दिसली की हा घर डोक्यावर घ्यायचा. एकदा तर त्याने ती भिंतीवर फेकून मारली. त्यानंतर तिने वाद घातला नाही. हात धुवायचे, मास्क बांधायचा, मुकाट्याने कडक पिशवी टांगायची. नवऱ्याला तळहातावरच्या फोडासारखं जपते, असं शेजारीपाजारी म्हणत आणि तिलाही ते ऐकायला आवडे.

तिने तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

“हीच लावायची ती पिशवी. मला काय कळतंय त्यातलं? मी आपला पडून असायचो.”

उशाशी बसलेल्या नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

“मारलंस गं माझ्या भावाला, वहिनी!”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. झोप कसली लागतेय, पापण्या फडफडत होत्या. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

तोंडाने काही द्यायचं नाही, असं बजावून डॉक्टर गेले. नणंद सगळ्यांना फोन करायला बाहेर पळाली. नर्सने त्याच्या नाकातून नळी घातली, तिच्या हातात पाण्यात भिजवलेल्या कापसाची वाटी दिली आणि हळूच म्हणाली, “फार कोरड पडली तर ओला कापूस ओठांवरून फिरवा. तेवढं चालतं.”

नर्स गेल्यावर त्याने डोळे उघडले.

“घोटभर पाणी दे गं. घसा जळतोय.”

“डॉक्टर नको म्हणालेत.”

“निदान ओठ तरी ओले कर.”

तिने त्याची चादर गळ्यापर्यंत ओढली, सुरकुत्या नीट केल्या.

“तेही नको म्हणालेत. विचारलं मी,” असं म्हणत तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि पायाने खाटेखाली सरकवली.