निशाण फिरतंय तोवर

जांदिराने निशाणाच्या कडेला ओठ टेकवले आणि ते धरून उभ्या असलेल्या पोरीला म्हणाली,

"दे इकडे. काठी खोचायचा कमरेचा पट्टाही दे."

पोरगी गडबडली. पाहुण्यांनी निशाणाचं चुंबन घ्यायचं आणि मागे सरायचं, अशी सांबा नाचणाऱ्या या मंडळाची रीत. निशाण मागून घेणारी पाहुणी तिने कधी पाहिली नव्हती. तिने मंडळाचा अध्यक्ष एद्गार याच्याकडे बघितलं.

"दे गं दे!" तो माइकवरून ओरडला. "मंडळी, ताटल्या खाली ठेवा! घेवडा पळून जात नाही! एकतीस वर्षांनी जांदिराबाई रिओत आल्यात, आपल्या ओरेस्तेसदादाच्या सत्काराला!"

सत्काराला म्हणे! सात तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली ती काय याला हार घालायला? उट्टं काढायला आली होती ती. वाटेत समुद्र लागला, शनिवारच्या उन्हात अख्खं शहर वाळूवर लोळत होतं, पण तिने मान वळवली नाही.

एकतीस वर्षांपूर्वी हेच निशाण तिच्या हातात होतं आणि ओरेस्तेस तिचा राखणदार होता. निशाणवालीने गिरक्या घ्यायच्या, राखणदाराने तिच्याभोवती नाचत तिला जपायचं. कार्निव्हलच्या मिरवणुकीत, नेमकं परीक्षकांपुढे, उसाची दारू ढोसून आलेल्या या राखणदाराचा पाय तिच्या घागऱ्यावर पडला. ती अडखळली, निशाण काठीला गुंडाळलं गेलं. निशाण गुंडाळलं की गुण गेलेच. मंडळ खालच्या गटात घसरलं.

"बाईला भोवळ आली," ओरेस्तेस जिथे तिथे सांगत सुटला. जांदिरा फाटका घागरा दाखवत दारोदार फिरली. बायका म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. सेलेस्ते नावाची एक तर भर बाजारात तिच्या पायाशी थुंकली. महिन्याभरात जांदिराने शहर सोडलं.

आता पांढऱ्या सुटातला ओरेस्तेस हात पसरून पुढे आला. त्र्याहत्तर वर्षांचा, पण मिशी अजून कोरलेली.

"अगं जांदिरा! तशीच आहेस की अजून."

"तू नाहीस," जांदिरा म्हणाली, आणि तिने ढोलवाल्यांना मान हलवून खूण केली.

पहिल्या गिरकीलाच लोकांनी शिट्ट्या मारल्या. सत्तरीला आलेली बाई, पण काठी सरळ आणि निशाण ताणलेलं. ओरेस्तेस हसत हसत तिच्याभोवती पावलं टाकू लागला. निशाण फिरतंय तोवर राखणदाराने पाठ फिरवायची नाही, सोडून जायचं नाही. ही रीत त्यानेच इथल्या पोरांना शिकवली होती.

पाचव्या फेरीला त्याचं हसू मावळलं. आठव्या फेरीला तो गुडघ्यावर हात ठेवू लागला.

"बास गं, थांब आता," तो जवळ येऊन पुटपुटला.

"पाय कुणाचा पडला होता?"

"कसला पाय?"

"मग नाच."

"जांदिरा, मरेन मी!"

"खुशाल मर. पण आधी माइकवर सांग."

तिचीही छाती फुटायला आली होती, पण ती थांबणार नव्हती. फेऱ्या वाढत गेल्या. लोक टाळ्यांचा ठेका धरून होते, म्हातारा-म्हातारीचं कौतुक चाललं होतं. शेवटी ओरेस्तेसने हात वर केला. ढोल थांबले. त्याने एद्गारच्या हातातला माइक ओढून घेतला.

"मंडळी," तो धापा टाकत म्हणाला, "त्या साली... पाय माझा पडला होता. हिच्या घागऱ्यावर. मी प्यायलेलो होतो. हिला भोवळ वगैरे काही आली नव्हती. मी खोटं बोललो."

जांदिराने डोळे मिटून घेतले.

मग पुढच्या बाकावरची सेलेस्ते रुमालाने डोळे टिपत उठली.

"बघा गं पोरींनो! याला म्हणतात राखणदार! म्हातारपणीसुद्धा बाईचा दोष आपल्या डोक्यावर घेतला!"

अख्खा मांडव उभा राहिला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. एद्गारने ओरेस्तेसला मिठी मारली. जांदिराच्या अंगाचा तिळपापड झाला. काठी त्याच्या टाळक्यात घालावी असं तिला वाटलं.

"अहो, नाही!" ओरेस्तेस एद्गारला बाजूला ढकलत ओरडला. "खरंच सांगतोय! पाय माझाच होता!"

टाळ्या दुपटीने वाढल्या. तो धडपडत सेलेस्तेपाशी गेला.

"सेलेस्ते, तू तरी ऐक. तू होतीस तिथे."

"ऐकलं रे, ऐकलं," सेलेस्तेने त्याच्या गालावर हात फिरवला. "सोन्यासारखा माणूस. म्हणून तर आम्हाला तेव्हाही तुझंच खरं वाटलं."

तो मग हळूहळू जांदिराकडे वळला. मिशीवरून घाम ठिबकत होता. तोंड उघडं होतं, डोळे भरून आले होते.

"ऐकतच नाहीत गं कुणी."

जांदिराने काठी पट्ट्यात नीट बसवली.

"एका दुपारीच दमलास?" ती म्हणाली.