अध्यक्षांचा मोजा

खोटं वाटेल, पण मोजेआजींच्या हातचा मोजा कधी जोडीला जोड झाला नाही. सुया अशा चालत की बघणाऱ्याचे डोळे गरगरावेत. घोळ व्हायचा तो मोजणीत. कुणी विचारी, "कुणासाठी विणताय, आजी?" आजी सांगत, आणि विचारणारा लगेच त्याच माणसाबद्दल सुरू होई. मग आजींचे कान तिकडे, आकडा वाऱ्यावर. बोलणं संपेपर्यंत विणणं काही थांबत नसे. म्हणजे ज्याच्याबद्दल गाव जास्त बोले, त्याचा मोजा लांब. मधमाशीवाल्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. बिचाऱ्याचे मोजे घोट्याशीच संपत.

गेल्या नाताळात गिरणीवाल्याने, म्हणजे उत्सव समितीच्या अध्यक्षाने, भरल्या हॉलमध्ये आजींनी दिलेली भेट उघडली. उजवा मोजा गुडघ्यापर्यंत आला. डावा ओढतोय, ओढतोय, संपेचना. तो त्याच्या खांद्यावरून मागच्या रांगेत गेला. गावाला मोज्याची भाषा येत होती. हसून हसून खुर्च्या आडव्या झाल्या.

म्हणून यंदा हॉलच्या दारावर कागद लागला: 'घरी केलेल्या भेटी आणू नयेत. दुकानाचं लेबल हवं.'

सुताराने मुलांसाठी केलेले लाकडी घोडे माळ्यावर टाकले. मधमाशीवाल्याने मेणबत्त्या कपाटात ठेवल्या. सगळ्यांनी एकाच दुकानातून बिस्किटांचे एकसारखे डबे आणले. आजींचे मात्र सव्वीस घरांचे सव्वीस जोड तयार होते. एवढी वर्षं त्यांनी एकही घर चुकवलं नव्हतं, आणि यंदाही चुकवणार नव्हत्या.

नाताळच्या दुपारी त्या पोतं ओढत हॉलशी आल्या. दारात अध्यक्ष, छातीवर बिल्ला.

"आजी, लेबल?"

"पायात घालायचेत रे, वाचायचे नाहीत."

"नियम सगळ्यांना सारखा."

"सारखं तर मला काही जमतच नाही, तुला ठाऊकच आहे."

"पोतं बाहेर ठेवा आणि तुम्ही आत या. केक खा."

"पोतं बाहेर तर मीही बाहेर."

असं म्हणून त्या मधल्या पायरीवर ऐसपैस बसल्या. पिशवीतून लाल लोकर काढली, टाके चढवले. डबा घेऊन येणारा सुतार थबकला.

"आता आणि कुणासाठी, आजी?"

"अध्यक्षांसाठी," आजी ठणकावून म्हणाल्या. "बोल. लाजू नकोस."

सुताराने आजींच्या मागे दारात उभ्या अध्यक्षाकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि बोलला. अध्यक्षाने पावसाळ्यात नेलेली आपली शिडी दोन पायऱ्या गमावून कशी परत आली, ते बोलला. मोजा वीतभर झाला. तेवढ्यात मधमाशीवाला पुढे आला. वर्षभरात हा माणूस चार वाक्यं बोलायचा. तो पाऊण तास बोलला! गिरणीचा भोंगा, बुजलेल्या माश्या, सगळं. मोजा दोन पायऱ्या उतरला. पायरीपासून फाटकापर्यंत रांग लागली. सुतार तोवर घरी जाऊन घोडे घेऊन आला होता.

"आजी, हे बंद करा!" अध्यक्ष ओरडला.

"तोंडं त्यांची आहेत, मला काय सांगतोस? माझ्या फक्त सुया."

"आत एक माणूस नाही! केक वाळतोय!"

"वाळू दे. आमचं हातचं चालत नाही ना तुला? मग हे बघ हातचं." त्यांनी मोज्याला झटका दिला. तो फाटकाबाहेर पडला.

रांग बाजूला सरली. अध्यक्षाची बायको आली होती. नवऱ्याकडे न बघता ती आजींच्या शेजारी बसली, पदर सावरला, घसा खाकरला.

"आजी, लोकर पुरेल का हो?"

"पोत्यातले मोजे उसवीन, पण तुला कमी पडू देणार नाही."

"चौतीस वर्षांचं आहे. लग्नाच्या दिवसापासून सांगते."

अध्यक्षाचा चेहरा गिरणीतल्या पिठासारखा झाला. त्याने दारावरचा कागद टराटरा फाडला, दोन्ही फळ्या उघडल्या. "आत या! घोडे, मेणबत्त्या, पोतं, सगळं आणा! आजी, तुम्ही पहिल्या!"

सुताराने पोतं खांद्यावर घेतलं. लोक घरांकडे पळाले, आपापलं हातचं आणायला. आजी जागच्या हलल्या नाहीत.

"येते रे," त्या म्हणाल्या. "एवढी ओळ होऊ दे. हं, बोल गं बाई."